द्वारकाआत्याच्या चुकलेल्या गाड्या

टिकेकरकाका चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ते रस्त्यावरूनच चहा मागत घरात शिरायचे.

"वकीलसाहेब, जाणं पुढे ढकललं," ते म्हणाले. "काल माझ्या चुलत पुतण्याला मुलगा झाला. आम्हाला सोयर आलं. आता दहा दिवस देवीचं दर्शन नाही."

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर्तमानपत्राची घडी केली. "अभिनंदन. पण बाकीची मंडळी? त्यांना कुठे सोयर आहे?"

"माझ्याशिवाय कोण निघतंय? तिकिटं मी काढलेली, स्वयंपाकी मी ठरवलेला. सगळे थांबायला एका पायावर तयार आहेत. गेलो तर सगळे जाऊ."

ते आनंदाची बातमी सांगत होते आणि मला रडू यायच्या बेतात होतं. जबलपुरातली मराठी मंडळी वणीच्या देवीला निघाली होती आणि त्यांच्याबरोबर मनमाडपर्यंत मी जाणार होते. मनमाडला माझे वडील, अण्णा, मला उतरवून घेणार आणि बार्शीला नेणार होते. सोमवारी बार्शीत माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा सुरू व्हायची होती. लग्नाला पंधरा दिवस होत आले होते. मुहूर्तच तसा निघाला, त्याला कोण काय करणार? लग्न ठरवताना अण्णांनी एकच अट घातली होती, की मुलगी परीक्षेला माहेरी येईल. सासरच्यांनी ती आनंदानं मान्य केली. फक्त सोबत हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ते म्हणणं काही जगावेगळं नव्हतं. मी जन्मात कधी एकटी बार्शीच्या स्टेशनापुढे गेले नव्हते. ह्यांची कटनीला नवी नोकरी, तिथे रजेचं नाव काढायची सोय नव्हती. मामंजींचा खटला ऐन रंगात आलेला.

टिकेकरकाका गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "ऑक्टोबरातही असते ना गं परीक्षा? तेव्हा आरामात दे. सोबत पण बघता येईल पक्की."

त्या वाईट नव्हत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ऑक्टोबर म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीतल्या लीलाचा ऑक्टोबर लग्न झाल्यापासून आलेलाच नव्हता, आणि आता तिला दोन मुलं होती.

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली द्वारकाआत्या मान वर न करता म्हणाली, "मी आहे की. मी नेते तिला."

कुणी हसलं नाही, पण सासूबाईंनी मामंजींकडे बघितलं, मामंजींनी छताकडे बघितलं आणि मी जमिनीकडे.

द्वारकाआत्या अण्णांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. आमच्या घराण्यात मुलगी सासरी निघाली की तिची पाठराखीण म्हणून आत्याच जायची. नव्या घरात पहिले काही दिवस मुलीला एकटं वाटू नये म्हणून आपल्या माणसांतलं कुणीतरी बरोबर द्यायचं, ही रीत. बाकीच्या बायकांना घरदार, मुलंबाळं. आत्या मोकळी. त्यामुळे इंदूर, बडोदे, हुबळी, जिथे जिथे आमच्या मुली दिल्या तिथे तिथे आत्या त्यांच्या ट्रंकेशेजारी बसून गेली, आणि आता माझ्यामागे जबलपूरला आली होती.

जाण्याबद्दल तक्रार नव्हती. पंचाईत व्हायची ती येण्याची. आत्याची परतीची गाडी हमखास चुकायची. इंदूरहून निघाली, तर दोन दिवस उशिरा घरी. बडोद्याहून तशीच. हुबळीच्या वेळी तर अण्णा सोलापूर स्टेशनावर तीन गाड्या बघून परत आले होते. आत्या आपली मान खाली घालून सांगायची, "गाडी चुकली रे दादा." अण्णांनी त्याचा विनोद करून टाकला होता. "आमच्या द्वारकेला गाडी गाठून द्यायची तर इंजिन आमच्या अंगणात आणून उभं करावं लागेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी ते मामंजींना रंगवून रंगवून सांगितलं. सगळं वऱ्हाड हसलं. आत्याही हसली आणि जिलबी वाढत पुढे गेली.

त्यात भर भेडाघाटाची. आठच दिवसांपूर्वी टिकेकरकाकांनी सगळ्या मराठी मंडळींना भेडाघाटला नेलं होतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, गाण्यांच्या भेंड्या, मुलांची पळापळ. निघायच्या वेळी मोजलं तर आत्या नाही. शोधाशोध झाली. ती धबधब्याच्या अगदी वरच्या अंगाला एका दगडावर बसली होती. पाण्याचे तुषार अंगावर येऊन लुगडं चिंब झालेलं, आणि आमच्या हाकांचा तिला पत्ता नव्हता. टिकेकरकाका गाडीत घसा खाकरून म्हणाले होते, "आत्याबाई, समूहाची एक शिस्त असते." आत्या म्हणाली, "चुकलंच माझं." तेवढी माणसं गेलो होतो आम्ही, पण मला त्या दिवसाच्या पुऱ्याच आठवतात. धबधबा मी नीट पाहिला नव्हता.

तर अशा आत्याबरोबर नव्या सुनेला पाठवायचं, मनमाड, दौंड आणि कुर्डुवाडी अशा तीन ठिकाणी गाड्या बदलत, कारण टिकेकरकाकांनी अण्णांना येऊ नका अशी तार आधीच करून टाकली होती आणि त्यांना पुन्हा मनमाडला बोलावून घ्यायला आता वेळ उरला नव्हता.

"आत्याबाई, राग मानू नका," सासूबाई म्हणाल्या, "पण तुमच्याबरोबर पाठवायचं म्हणजे मग तुम्हा दोघींना शोधायला तिसरं माणूस पाठवावं लागेल."

"राग कसला," आत्या म्हणाली आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

त्या रात्रीची जेवणं कशीबशी झाली. मी पुस्तकं ट्रंकेच्या तळाशी घालून वर साड्या ठेवल्या, म्हणजे डोळ्यांसमोर नकोत. आत्या माझ्याकडे बघत उभी होती. मग बाहेर बैठकीत गेली आणि मामंजींसमोर जमिनीवर बसली. मी दाराआड थांबले.

"वकीलसाहेब, मी कुंदाला नीट पोचवीन," ती म्हणाली. "तुम्ही विश्वास ठेवा."

मामंजी गमतीनंच म्हणाले, "विश्वास ठेवायचा तर साक्ष तपासावी लागेल आत्याबाई. सवय आहे मला. सांगा, इंदूरहून येताना गाडी कुठे चुकली?"

"पाताळपाणीला."

"पाताळपाणी?" मामंजींनी चष्मा कपाळावर चढवला. "तिथे गाडी बदलावी लागत नाही. लहानसं स्टेशन. तुम्ही उतरलात कशाला?"

"पाणी प्यायला."

"पाणी प्यायला दोन दिवस?"

आत्या पदर सारखा करू लागली. मामंजींचा सूर बदलला. चेष्टा संपली होती आणि वकील जागा झाला होता. "आणि हुबळीहून येताना?"

"विजापूरला."

"तेही पाणी प्यायला?"

सासूबाई दूध विरजायचं सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर कितीतरी वर्षं त्या नजरेचा मी अर्थ लावत राहिले. एखादी बाई गळ्यातला शेवटचा दागिना काढून देते ना, तशी ती नजर होती.

"धबधबा बघायला उतरले होते," ती म्हणाली. "पाताळपाणीला धबधबा आहे. इंदूरला जाताना खिडकीतून ओझरता दिसला होता. सासरी निघालेली सुमन रडत होती, तिला सोडून उठता आलं नाही. येताना उतरले. धर्मशाळेत राहिले. विजापूरला गोल घुमट बघितला. बडोद्याहून येताना भडोचला उतरले आणि नर्मदा समुद्राला मिळायच्या आधी केवढी रुंद होते ते बघून आले. एकाही गाडीला मी उशिरा पोचले नाही वकीलसाहेब. गाड्या चुकल्या नाहीत. मी त्या सोडल्या."

मला एकदम आठवलं. मागे कधीतरी अण्णा कौतुकानं म्हणाले होते की गोल घुमटात आवाज सात वेळा घुमतो, तेव्हा भाकरी थापता थापता आत्या बोलून गेली होती, "नीट कान दिला तर जास्तच वेळा येतो." आणि मग तिनं भाकरी इतक्या जोरात थापली की कुणी पुढे काही विचारलंच नाही.

"हे तुमच्या भावाला ठाऊक आहे?" मामंजींनी विचारलं.

"नाही. आणि तुमचा त्याचा पत्रव्यवहार आहे, तेही मला ठाऊक आहे. त्याच्या कानावर गेलं की माझं संपलं. पुढच्या खेपेला तो परतीलाही माणूस देईल बरोबर. मायेपोटीच देईल, पण देईल. कुंदाची परीक्षा बुडण्यापेक्षा ते बरं, म्हणून सांगितलं. मला गाड्या कळतात. मी तिला वेळेत पोचवीन."

मामंजी पुढे झुकले. "एकटीला भीती नाही वाटत?"

"वाटते की. जाताना मुलगी रडत असते, तेव्हा पाठराखिणीनं घाबरून चालत नाही. येताना घाबरायला मोकळी असते मी. घाबरत घाबरत बघते सगळं." ती जराशी हसली. "सोबत वाईट नसते वकीलसाहेब. मला आवडते. पण सोबतीत माणूस दुसऱ्याच्या भुकेला जेवतो आणि दुसऱ्याच्या घाईनं उठतो. कधीतरी आपल्या मनानं उठावंसं वाटतं."

"पण एकट्या बाईनं असं..." सासूबाई बोलू लागल्या.

"एकटीच येते हो मी परत. दर वेळी. मुलीला एकटं वाटू नये म्हणून मला पाठवतात. पाठराखीण परत कशी येते, ते आजवर कुणी विचारलं नाही. वकीलसाहेबांनीच काय ते पहिल्यांदा विचारलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. स्टेशनांची नावं सांगावीत तसं तिनं ते सांगितलं. माझ्याच घरातली बाई, माझ्या जन्मापासून मला वेणी घालणारी, आणि मी तिला कधी पाहिलंच नव्हतं असं मला वाटलं. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

सासूबाई खाली बसल्या. हातातला दुधाचा डाव तसाच होता. "माझ्याबरोबर आमची गोदूमावशी आली होती," त्या म्हणाल्या. "अमरावतीहून. आठ दिवस राहिली. मी तिला दारापर्यंत सोडायलासुद्धा गेले नाही, नवी नवरी म्हणून. ती परत कशी गेली असेल हो?"

हे त्यांनी मामंजींना विचारलं होतं. गोदूमावशी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

"जाऊ द्या दोघींना," सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजी आम्हाला गाडीत बसवायला आले. सामान लागलं, बायकांच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधी ते खिडकीशी वाकले आणि कोर्टात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "आत्याबाई, मी सकाळीच तुमच्या भावाला तार केली. दोघी निघाल्या आहेत. आत्याबाईंची गाडी चुकण्याचा संभव आहे, काळजी नसावी."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग गाडी हलली, आणि मला कळलं की माझं सासर चांगलं आहे.

सकाळ भुसावळला झाली. आत्यानं आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या नळावर भरून आणला, दशम्या सोडल्या, मला खायला लावलं आणि माझं इतिहासाचं पुस्तक स्वतःच माझ्या मांडीवर ठेवलं. ती अगदी शहाण्यासारखी वागत होती. पण भुसावळ सुटल्यावर ती उठून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी गेली आणि डोंगर दिसतायत का ते बघू लागली.

"आत्या, पुढचं मोठं स्टेशन कुठलं?"

"जळगाव."

"तिथे काय आहे?"

"केळी," ती म्हणाली.

मी बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, "तिथून अजिंठ्याला मोटार जाते. बडोद्याहून येताना उतरणार होते, पण भडोचलाच दोन दिवस गेले. जबलपूरला येताना वऱ्हाड होतं बरोबर. राहू दे. लेणी कुठे पळून जातायत? तू वाच."

मी वाचायला लागले. एक ओळसुद्धा डोक्यात शिरेना. माझ्यापुढे दोन्ही गोष्टी स्वच्छ होत्या. आत्या बरोबर असली तर मी डोळे मिटून बार्शीला पोचणार होते. आणि पुढे आमच्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी उरली नव्हती, चुलतकाकांची कमल सोडली तर, आणि ती अजून शाळेत. म्हणजे आत्याची पुढची खेप कधी, ते देवालाच ठाऊक. तिचे गुडघेही दुखायला लागले होते.

"आत्या, तू जळगावला उतर," मी म्हणाले.

"वेडी का काय? मी शब्द दिलाय."

"नीट पोचवण्याचा दिलायस. मला नीट पोचायचं कसं ते सांग."

"तुला घाम फुटलाय बघ, बोलता बोलता."

खरंच फुटला होता. "तूच म्हणालीस ना, घाबरत घाबरत बघतेस म्हणून. मी घाबरत घाबरत जाते."

ती माझ्यासमोर बसली. मग माझ्याकडून धडा पाठ करून घ्यावा तसं तिनं सगळं वदवून घेतलं. मनमाडला पूल चढून पलीकडे. दौंडला गाडी लागेपर्यंत बाकावर ट्रंकेवर पाय ठेवून बसायचं. कुर्डुवाडीला बायकांच्या वेटिंग रूममध्ये रात्र काढायची आणि पहाटे बार्शीची छोटी गाडी. रस्ता विचारायचा तो लेकुरवाळ्या बाईला, नाहीतर स्टेशनमास्तरला, मधल्या कुणाला नाही. रडू आलं तर रडायचं, पण ट्रंकेवर हात ठेवून.

जळगावला ती उतरली. तिच्याजवळ एक वळकटी आणि एक पिशवी. खिडकीतून तिनं फिरकीचा तांब्या माझ्या हातात दिला.

"तुला लागेल की हा."

"मला पाणी कुठेही मिळतं," ती म्हणाली. "तू नीट जा."

गाडी सुटली तरी ती फलाटावर उभी होती. दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही. आजवर निरोपाच्या वेळी ती नेहमी गाडीत असायची.

पुढचा प्रवास मला कौतुकानं सांगता येणार नाही. मनमाडला मी चुकीच्या फलाटावर उभी राहिले आणि एका लेकुरवाळ्या बाईनं मला हाताला धरून पलीकडे नेलं. दौंडला गाडी लागेपर्यंत मी चारदा तिकीट काढून बघितलं. कुर्डुवाडीला रात्रभर ट्रंकेवर हात ठेवून बसले आणि थोडी रडलेही. पण पहाटे छोटी गाडी हलली, कोवळं ऊन रानांवर पडलं, आणि शेंदरी स्टेशनाजवळ मी माझ्याच मनानं खिडकी उघडून बाहेर बघितलं. लहानपणापासून पाहिलेला तो मुलूख मला पहिल्यांदा दिसला.

बार्शीच्या फलाटावर अण्णा उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी माझ्या मागे डब्यात डोकावून पाहिलं.

"द्वारका कुठंय?"

"जळगावला पाणी प्यायला उतरली," मी म्हणाले. "तिची गाडी चुकली."

अण्णांनी कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसायला लागले. "तरीच तुझे सासरे तारेत तसं लिहून मोकळे झाले. त्यांनी पण ओळखलं हिला." हसता हसता ते मध्येच थांबले. "म्हणजे जळगावपासून तू एकटी?"

"आले की."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ट्रंक उचलली. टांग्यात बसल्यावर त्यांनी फक्त एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आत्या आली ती सोमवारी संध्याकाळी, माझा पहिला पेपर झाल्यावर. अण्णांनी दारातच इंजिन अंगणात आणायचं वाक्य ऐकवलं. सगळे हसले, तीही हसली. दिवेलागणीला ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पेपर कसा गेला?"

"बरा. चित्रं कशी होती?"

तिनं जरा विचार केला. "आत अंधार असतो गं. लोक घोळक्यानं येतात, काही दिसत नाही म्हणतात आणि पुढच्या लेण्यात जातात. मी आपली बसून राहिले. मग हळूहळू एक हात दिसला, त्यातलं कमळ दिसलं, मग डोळे." ती थांबली. "बघत होते, तर बाहेर पडायची वेळ झाली."

मी पास झाले. दुसऱ्या वर्गात, पण झाले. फिरकीचा तांब्या तिनं परत घेतला नाही, तो माझ्याकडेच राहिला.

काही वर्षांनी कमलचं लग्न ग्वाल्हेरला झालं. आत्याला तोवर जिना चढवत नव्हता. पाठराखीण कोण जाणार, अशी चर्चा निघाली तेव्हा मी माहेरीच आले होते. मी म्हणाले, मी जाते. आत्या कॉटवर पडून ऐकत होती. निघताना वाकून नमस्कार केला, तेव्हा तिनं माझ्या हातातला तांब्या बघितला आणि त्याची फिरकी घट्ट आवळून परत दिला.

परतीला माझी गाडी सांचीला चुकली.